सुपर्बला व्ही-सिक्सचं काळीज

«काका, नमस्कार. मी जालन्याचा, आमची जिनिंग आहे. २०११ साली कापसाला तेजी आली होती, तेव्हा बाबांनी स्कोडा सुपर्ब घेतली. १.८ टीएसआय पेट्रोल, सात गिअरची ऑटोमॅटिक, दोन क्लचवाली डीएसजी. बाबा जाऊन तीन वर्षं झाली. गाडी विकायची नाही, हे घरात पक्कं आहे. १ लाख ४२ हजार किलोमीटर झालेत. पण आता तिच्यात दम राहिला नाही. समृद्धीवर ऐंशीवरून एकशेवीसला जायचं म्हटलं की ॲक्सिलेटर दाबून वाट बघत बसावं लागतं. मेव्हण्याची नवी डिझेल एसयूव्ही आरामात पुढं निघून जाते. बाकी किरकोळ म्हणजे हजार किलोमीटरला पाऊण लिटर ऑइल पिते, सकाळी स्टार्ट केली की दोन-तीन सेकंद खडखडते, आणि गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरला धक्के देते. पुण्यातला एकजण अपघातात गेलेल्या सुपर्बचं ३.६ लिटरचं, सहा सिलिंडरचं व्ही-सिक्स इंजिन सव्वादोन लाखाला देतो म्हणतोय, बसवून साडेतीन. दुसरा म्हणतो, इंजिन कशाला बदलता, स्टेज वन रिमॅप मारू, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलू, दोनशे दहा घोडे मिळतील. काय करू? आईला व्ही-सिक्सचं अजून सांगितलेलं नाही.
एक वाचक, जालना»

आईला सांगितलं नाहीत ते बरं केलंत. सांगायची वेळच येऊ नये, असा माझा प्रयत्न राहील.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा व्ही-सिक्ससाठी, दुसऱ्यांदा ‘बाकी किरकोळ’ या दोन शब्दांसाठी. चष्म्याचा नंबर बदलायला म्हणून दवाखान्यात जायचं आणि उठता उठता ‘बाकी किरकोळ म्हणजे जिना चढताना छातीत कळ येते’ असं सांगायचं, तशातली ही गत आहे. तुमच्या गाडीचं सगळं दुखणं त्या किरकोळात आहे. पिकअप गेलाय, तो त्यामुळंच.

तर आधी गाडी कमजोर आहे हे डोक्यातून काढा. ही सुपर्ब तुमच्या घरापासून पन्नासेक किलोमीटरवर, आमच्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या एमआयडीसीत जोडली गेलेली. याच कारखान्यातून २००१ पासून ऑक्टेव्हिया बाहेर पडायला लागली आणि आमच्या गॅरेजवाल्यांच्या पिढीला टर्बो म्हणजे काय ते घरबसल्या शिकायला मिळालं. तुमचं इंजिन १७९८ सीसीचं, १६० पीएसचं, म्हणजे साधारण तेवढ्याच घोड्यांचं. टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, २५० न्यूटन मीटर, आणि तो १५०० आरपीएमपासूनच हातात. ठणठणीत असताना ही गाडी शून्यावरून शंभराला नऊ सेकंदांच्या आत जाते. मागच्या दारात छत्री ठेवायला खण आहे, त्यात ओल्या छत्रीचं पाणी निथळून जायला वाट आहे. माझ्या एका गिऱ्हाइकानं ती छत्री बघून विचारलं होतं, ‘छत्री दिली म्हणा, पाऊस कधी देतेत?’

समृद्धीवर मोटारींना मर्यादा ताशी १२० ची. सपाट रस्त्यावर, वारा नसताना, या आकाराच्या सेडानला १२० वर नुसतं चालत राहायला साधारण पंचवीस-तीस घोडे पुरतात. म्हणजे तुमच्याकडे कागदावर शंभराहून जास्त घोडे रिकामे उभे असायला हवेत, आणि ऐंशीवरून एकशेवीसला जाताना तेच कामाला लागतात. ते लागत नसतील, तर ते गेले कुठं हा पहिला प्रश्न. दोनशे साठ घोड्यांचा नवा तबेला बांधायचा की नाही हे त्यानंतर बघू.

गेले कुठं, याचा एक अंदाज मी जालन्याला न येताही बांधू शकतो. गाडी जिनिंगच्या आवारात उभी राहते ना? दोन वर्षांपूर्वी अशीच एक गाडी माझ्याकडे आली होती, ‘एसी गार करत नाही’ म्हणून. पुढचा बंपर काढला. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये बोटभर जाडीचा पांढरा-करडा थर, गादीवाल्यानं भरून दिल्यासारखा. रुईचं तूस आत ओढलं जात होतं, त्यावर धूळ बसत होती, पावसात ते ओलं होऊन वाळत होतं. नखानं टोक धरून ओढलं तर अख्खी चादर निघून आली. टर्बोनं दाबलेली हवा तापते, ती इंटरकूलरमध्ये थंड व्हायची असते. तिथं जाळीत तूस बसलं की तापलेलीच हवा इंजिनात जाते, मग पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकू नये म्हणून कॉम्प्युटर स्पार्क उशिरा देतो आणि ताकद उतरते. वरून मे महिन्यातली दुपार, बेचाळीस-त्रेचाळीस अंश. मेव्हण्याशी शर्यत लावायचीच असेल तर सकाळी सहाला लावा.

हे स्वस्तातलं कारण झालं. आता महागातलं.

या पिढीच्या इंजिनांचं ऑइल पिणं जगभर माहीत आहे. पिस्टनवरची ऑइल रिंग बारीक, ऑइल परत खाली जाण्याची भोकंही बारीक. ती काजळीनं बुजली की ऑइल वर चढून जळतं. कंपनीच्या पुस्तकात हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत चालतं म्हणून लिहिलेलं असतं. तुमची पाऊण पिते, म्हणजे पुस्तकाच्याही बाहेर गेली. जळलेल्या ऑइलचा धूर आणि वाफ इनटेकमधून फिरून येते आणि व्हॉल्व्हवर बसते. जुन्या गाड्यांत इंजेक्टर व्हॉल्व्हच्या पाठीवर पेट्रोल मारायचा, ती धुतली जायची. तुमच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्ह धुवायला कुणी नाही. हवा आत नेणारा मॅनिफोल्ड उतरवून बघितलं की व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती चुलीवरच्या पातेल्याच्या तळाला धरते तशी काळी खपली दिसते. हवेची वाट अरुंद होते, श्वास कोंडतो.

आणि ती सकाळची दोन-तीन सेकंदांची खडखड. इथं मी जरा जास्त थांबणार आहे.

तुमच्या इंजिनात टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखायला, पट्टा नाही, चेन आहे. चेन ताणून धरायला टेन्शनर असतो आणि त्याला बळ मिळतं ऑइलच्या दाबातून. रात्रभर गाडी उभी राहिली की दाब उतरतो. सकाळी स्टार्टर फिरला, पण ऑइल वर पोचलं नाही, त्या दोन सेकंदांत चेनला धरून ठेवतात ते टेन्शनरचे दाते. या इंजिनाच्या सुरुवातीच्या वर्षांत जो टेन्शनर यायचा त्याचे दाते सुटायचे, चेन ढिली व्हायची. पुढं कंपनीनं तो बदलून सुधारलेला दिला. २०११ च्या गाडीत जुना असण्याची शक्यता मोठी. आता यात तुमचं ऑइल पिणं मिळवा. पातळी खाली गेली, दाब यायला उशीर झाला, चेन आणखी सैल. एखाद्या सकाळी ती एक-दोन दाते उडी मारते, व्हॉल्व्ह आणि पिस्टन समोरासमोर भिडतात आणि हेड भंगारात जातं. इंजिन बंद पडायच्या आधी मोठा आवाज वगैरे होतोच असं नाही. स्टार्टर नेहमीपेक्षा हलका फिरतो, बस.

म्हणजे तुमची ‘किरकोळ’ दुखणी दिसायला वेगवेगळी आहेत, पण एकाच घरातली आहेत. रिंग ऑइल सोडते, ऑइल व्हॉल्व्ह गुदमरवतं, कमी ऑइल चेनला उपाशी ठेवतं. धक्क्यांचं घर तेवढं वेगळं, त्याच्याकडे नंतर येतो.

आता व्ही-सिक्स. खोटं कशाला बोलू, इंजिन सुंदर आहे. ३५९७ सीसी, २६० पीएस, ३५० न्यूटन मीटर. व्ही म्हणायचं, पण दोन रांगांमधला कोन जेमतेम साडेदहा अंशांचा, म्हणून दोन्ही रांगांना मिळून एकच हेड. आवाजाला खर्ज आहे. सुपर्बमध्ये कंपनीनंच बसवलेलं असल्यामुळं बॉनेटखाली जागाही आहे. पुण्याचा माणूस तुम्हाला हेच सांगणार, ‘सेम बॉडी आहे, बोल्ट टू बोल्ट बसतं.’

बसेल हो. पण ते इंजिन एकटं येत नाही, वऱ्हाड घेऊन येतं. भारतात ती सुपर्ब चारही चाकं ओढणारी होती आणि तिला सहा गिअरचा, ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचचा डीएसजी होता. तुमच्या गाडीत पुढचीच चाकं ओढतात आणि गिअरबॉक्स सात गिअरचा, कोरड्या क्लचचा. तुमचा गिअरबॉक्स त्या इंजिनाला लावता येत नाही. म्हणजे गिअरबॉक्स आला, ड्राइव्ह शाफ्ट आले. चारही चाकं ओढायची तर मधला शाफ्ट, मागचा डिफरन्शियल, मागची सगळी बैठक आणि त्या शाफ्टला वाट देणारी पेट्रोलची टाकी. नुसती पुढची ओढायची तर ३५० न्यूटन मीटर दोन पुढच्या टायरांवर, ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग हातात राहील याची हमी मी देत नाही. रेडिएटर, फॅन, फ्युएल पंप, सायलेन्सर, पुढच्या स्प्रिंगा. मग वायरिंग. मग इंजिनाचा कॉम्प्युटर, जो मीटरच्या डब्याशी आणि किल्लीशी इमोबिलायझरनं, म्हणजे चोरी रोखणाऱ्या कुलपानं, बांधलेला असतो. ती गाठ न सोडवता आलेली गाडी स्टार्ट होते आणि दुसऱ्या सेकंदाला बंद पडते. असं चालू-बंद बघत आठवडा गेलेले कारागीर मला माहीत आहेत.

आपल्याकडे म्हणतात ना, नाकापेक्षा मोती जड. इथं तर नाक म्हणजे खरोखर गाडीचं नाक आहे.

आणि एक विसरू नका. ते इंजिनही तुमच्याच गाडीच्या वयाचं. त्यालाही चेनच आहे, वर ती गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, म्हणजे चेनचं काम निघालं की गिअरबॉक्स उतरवा. अपघातातल्या गाडीचं इंजिन मालकानं कसं वापरलं, ऑइल कधी बदललं, धडक बसल्यावर ते ऑइलशिवाय किती वेळ फिरलं, हे विकणारा सांगणार नाही. बाबांच्या इंजिनाचा निदान इतिहास तुम्हाला ठाऊक आहे.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. नव्वदच्या दशकात मी आणि माझ्या एका भागीदारानं काँटेसात मेटॅडोरचं डिझेल इंजिन बसवलं होतं. तेव्हा पेट्रोल महाग, डिझेल स्वस्त, घरोघरी हे चालायचं. इंजिन ज्यावर बसतं ते फाउंडेशन लेथवाल्याकडून कापून घेतले, प्रोपेलर शाफ्ट आखूड करून वेल्ड केला. बॅलन्सिंग? डोळ्यानं. गाडी चालली. साठपर्यंत मजेत चालली. पासष्टला डॅशबोर्डवरचा गणपती नाचायला लागायचा, सत्तरला आरशात मागची गाडी दोन दिसायच्या. एकदा लग्नाला धुळ्याकडं निघालो, कन्नडच्या पुढं औट्रम घाट उतरताना पुढचं वजन वाढल्यामुळं ब्रेक असे तापले की पेडल फळीला टेकलं. सासरची मंडळी मागच्या सीटवर. घाटाच्या पायथ्याला गाडी थांबली तेव्हा कुणी काही बोललं नाही, ते जास्त लागलं. चूक इंजिनाची नव्हती, गाडीचीही नव्हती. आम्ही फक्त इंजिन मोजलं होतं. ब्रेक, शाफ्ट, पाणी, स्प्रिंगा हे मोजायचंच राहिलं. ती काँटेसा पुढं विकायला काढली तेव्हा आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल, घेणारा प्रत्येकजण चहा पिऊन गेला.

तेव्हा आरटीओ डोळेझाक करायचे, आता तो काळ गेला. तुमची गाडी २०११ ची, म्हणजे पंधरा वर्षं २०२६ मध्ये भरतात. आरसीवर मुदत कोणत्या महिन्यापर्यंत आहे ते आजच बघा. पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवायला गाडी इन्स्पेक्टरपुढं न्यावी लागते. फी ५,००० रुपये, पर्यावरण कर वेगळा. तिथं चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट काढतात आणि इंजिन नंबर आरसीशी पडताळतात. आरसीवर १७९८ सीसी आणि समोर सहा सिलिंडर, म्हणजे काय होईल ते तुम्हीच बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठासून सांगितलं. २०१९ च्याच दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. इंजिन बदलताच येत नाही असं नाही. तुमच्याच जातीचं, तेवढ्याच सीसीचं इंजिन पक्क्या बिलासह बसवलं, तर १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून नवा नंबर आरसीवर चढवून घेता येतो. एजंट म्हणेल, ‘व्ही-सिक्सचंही बघू साहेब.’ त्याला बघू द्या, तुम्ही सही करू नका. अपघात झाला की विम्याचा सर्व्हेअर पहिल्यांदा इंजिन नंबरच बघतो.

२०१० च्या ऑक्टोबरात आमच्या शहरानं एका दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, ६५ कोटींच्या. सगळ्या देशात बातमी झाली. त्या गाड्याही आता पंधरा वर्षांच्या पुढं गेल्या आणि त्यांचेही असेच फोन येतात, ‘काका, जरा ताकद वाढवायची होती.’ दहातल्या आठ गाड्यांना ताकद नको असते, सर्व्हिसिंग हवं असतं.

रिमॅपवाल्याकडं येतो. हा माणूस पुण्यातल्यापेक्षा कमी धोक्याचा, पण त्यानं तुम्हाला अर्धंच सांगितलं. दोनशे दहा घोडे निघतात, खोटं नाही. त्यासाठी टॉर्क तीनशेच्या वर नेतात. आणि तुमच्या सात गिअरच्या डीएसजीला कंपनीनं मर्यादा घातली आहे ती २५० न्यूटन मीटरची. म्हणजे कंपनीनं इंजिन बरोबर गिअरबॉक्सच्या कपाळाला टेकवून ठेवलंय, एक बोटही जागा सोडलेली नाही. या गिअरबॉक्समध्ये दोन कोरडे क्लच आहेत, त्यांना थंड करायला ऑइल नाही, नुसती हवा. जालन्यात बाजाराच्या दिवशी इंच-इंच पुढं सरकताना किंवा इथं जालना रोडवर संध्याकाळी सहाला, क्लच अर्धवट धरून राहतात आणि भाजतात. तुम्हाला बसणारे धक्के ते हेच आहेत, आणि ते धक्के देणाऱ्या क्लचवर तीनशे न्यूटन मीटर टाकायचे, म्हणजे दमेकऱ्याला पोतं उचलायला लावायचं.

पण इथं एक गंमत आहे, जी मला स्वतःला फार आवडते. टॉर्कला आरपीएमनं गुणा, ७०२३ नं भागा, पीएस येतात. तुमचे २५० गुणिले साधारण ४५००, भागिले ७०२३, बरोबर १६०. म्हणजे कंपनीनं साडेचार हजारापर्यंत टॉर्क धरला आणि पुढं मुद्दाम उतरवत नेला, ताकद १६० च्या पुढं जाऊ नये म्हणून. चांगल्या ट्यूनरला सांगा, की खालचा टॉर्क २५० च्या वर एक न्यूटन मीटरही न्यायचा नाही, फक्त वरची उतरण हळू कर. साडेपाच हजाराला २३० धरून ठेवला तरी १८० पीएस होतात. गिअरबॉक्सला काही कळत नाही, आणि समृद्धीवर ओव्हरटेक करताना जिथं तुम्हाला हवा तिथं जोर मिळतो. स्टेज वनची जाहिरात वाचून आलेल्या पोरांना हे सपक वाटतं. तुम्ही जिनिंग चालवता, प्रेस किती दाबावर चालवायची आणि किती दाबावर नाही हे तुम्हाला मी काय सांगणार. केलंत तर विमा कंपनीला लेखी कळवा. आणि आजारी इंजिनावर हेही करू नका.

पेट्रोलचं थोडक्यात सांगतो. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं येतं. ऑक्टेन ९५, ते इंजिनाला चांगलंच, पण २०११ च्या गाडीच्या रबरी नळ्या त्या हिशेबानं केलेल्या नाहीत. ऊस आपला, इथेनॉल आपलं, गळकी नळीही आपलीच, तेव्हा नळ्या हातानं चाचपून फुगलेल्या किंवा चिरलेल्या असतील त्या बदलून टाका. ॲव्हरेज थोडं पडेल, त्याला इलाज नाही.

सायलेन्सर, कोन फिल्टर, स्पॉयलर यावर मला काही म्हणायचं नाही.

तर पैसे कशाला लावायचे? तुमच्या साडेतीन लाखांतले आधी पाच-सात हजार तपासणीला काढा. स्कॅनर लावून कॅमशाफ्टचा कोन बघायला सांगा, चेन किती ताणली ते त्यात कळतं. टायमिंग कव्हरला खाली एक रबरी बूच आहे, ते काढून आरसा आणि बॅटरी धरली की टेन्शनरचे दाते मोजता येतात. किती दाते बाहेर आलेत त्यावरून चेन किती लांबली ते समजतं. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या. आकडा किती यापेक्षा चारही आकडे एकमेकांशी जुळतात का ते बघा. बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, कॉम्प्युटरनं मागितल्याइतका मिळतोय का बघा. टर्बोच्या डायव्हर्टर व्हॉल्व्हमधला रबरी पडदा फाटला की हवा तिथूनच परत फिरते, आणि तो बदलणं म्हणजे तासाभराचं काम आहे. अर्धा पिकअप तिथंच परत आलेला मी पाहिलाय. गिअरबॉक्सच्या क्लचची जाडीही कॉम्प्युटर सांगतो.

टेन्शनर जुना निघाला तर दुसरं काही करू नका, गाडी तिथंच उभी करा आणि चेन, टेन्शनर, गाइड बदला. ऑइल पिणं थांबवायचं असेल तर पिस्टन आणि रिंगा, म्हणजे हेड उतरणार. मग ते एकदाच उतरवा. चेन, वॉटर पंप, रिंगा, आणि व्हॉल्व्हवरची काजळी, सगळं त्याच वेळी. काजळी काढायला अक्रोडाच्या टरफलांचा चुरा हवेच्या दाबानं मारतात. धातूला ओरखडा येत नाही आणि खपली निघते. खरवडायला कुणी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसला तर गाडी उचलून घरी आणा. हे काम जालन्यात होईल, इथं होईल, पुण्यातही होईल. बघायचं एवढंच, की मिस्तरी टायमिंग लॉक करायची हत्यारं वापरतो का खडूची खूण करतो. खडूवाल्याच्या हातात हे इंजिन देऊ नका. माझ्याकडचा एक जुना मिस्तरी अशा वेळी गिऱ्हाइकाला विचारायचा, ‘साहेब, इंजिन बोलायलंय ते ऐकायलेत का नाही? का नुसतं पळवायलेत?’

क्लच पॅक त्यानंतर. सात गिअरच्या या बॉक्सचं गिअर ऑइल जेमतेम पावणेदोन लिटर असतं. तेही बदलून घ्या, बदलायचं नसतं असं सांगणाऱ्याशी वाद घालू नका, फक्त दुसरीकडं जा.

शेवटी उरतील ते पैसे टायर आणि ब्रेकला. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, १९१८ म्हणजे २०१८ सालचा एकोणिसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांच्या पुढचा टायर घेऊन तापलेल्या सिमेंटच्या रस्त्यावर तासन् तास १२० नं जाऊ नका. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी.

एवढं सगळं केलं की आरटीओत गाडी उभी करताना घाम फुटत नाही. रिमॅपचं मग बघू. बहुतेक तुम्हाला त्याची गरज वाटणार नाही, पण तो माझा अंदाज आहे, तुमच्यावर लादत नाही.

आता पहिलं काम. आज रात्री गाडी सपाट जागी लावा, सकाळपर्यंत हलवू नका. रात्री ऑइलची कांडी बघून पातळी पुरी भरून ठेवा, नाहीतर परीक्षेला अर्थ नाही. सकाळी कुणाला तरी स्टार्ट मारायला सांगा, आईंना सांगितलं तरी चालेल. तुम्ही बॉनेट उघडून मोबाइल इंजिनाच्या बाहेरच्या पट्ट्याच्या बाजूला धरा, म्हणजे गाडीच्या उजव्या, ड्रायव्हरच्या बाजूला, आणि स्टार्टर फिरायच्या आधीपासून रेकॉर्डिंग सुरू ठेवा. मला पहिले पाच सेकंद हवेत. खडखड कितव्या सेकंदाला सुरू झाली आणि कितव्या सेकंदाला थांबली तेवढं ऐकू आलं पाहिजे. ते पाठवा आणि उत्तर येईपर्यंत गाडी आवारातून बाहेर काढू नका.